पांढरूख, अर्जुन आणि हिवर : सालीवरून पडलेल्या वृक्षनामांचा विचार

१. प्रास्ताविक

उत्तर चीनमध्ये, विशेषतः बीजिंग येथील जुने राजवाडे, मंदिरे व समाधिस्थाने ह्यांच्या आवारांत, एक सूचिपर्णी वृक्ष शेकडो वर्षांपासून मुद्दाम लावला जात आला आहे. तो लावण्यामागे सावलीचा किंवा लाकडाचा हेतू मुख्य नाही. लोक तो लावतात ते त्याची साल पाहण्यासाठी. ही साल गुळगुळीत असून लहानमोठ्या गोलसर खपल्यांनी गळून पडते. खपली गळाली की आतील फिकट पिवळसर भाग उघडा पडतो, आणि प्रकाश लागल्यावर तो हळूहळू हिरवट, तांबूस, जांभळट होत जातो. एकाच खोडावर असे अनेक रंग शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे खोड एखाद्या रंगीत नकाशासारखे दिसते. पुढे वृक्ष वृद्ध झाला म्हणजे सालीस चुन्यासारखा शुभ्रपणा येतो. वृक्षाची वाढ अतिशय मंद असल्यामुळे, लावणाऱ्याच्या हयातीत हे वैभव दिसेलच अशी खात्री नसते.

ह्या वृक्षाची नावे भाषेच्या अभ्यासकाने लक्षपूर्वक पाहावीत अशी आहेत. चिनी भाषेत त्याला बाइ-फी-सुंग म्हणतात. बाइ म्हणजे पांढरा, फी म्हणजे कातडी अथवा साल, आणि सुंग म्हणजे चीड ह्या जातीचा वृक्ष. इंग्रजीत त्याला 'लेसबार्क पाइन' असे नाव आहे. तेथेही साल आहेच, पण शुभ्रतेऐवजी लेस ह्या नक्षीदार विणीशी असलेले तिचे साम्य पुढे आले आहे. वनस्पतिशास्त्राने मात्र त्यास 'पायनस बुंगीआना' असे नाव दिले. अलेक्झांडर फोन बुंगे हा वनस्पतिशास्त्रज्ञ रशियन धर्ममंडळाबरोबर बीजिंगला गेला असता त्याने १८३१ साली ह्या वृक्षाचे नमुने गोळा केले, आणि १८४७ साली शास्त्रीय नाव प्रसिद्ध झाले तेव्हा त्यात त्याचे स्मरण राहिले. वृक्ष एक, पण एका नावाने रंग पाहिला, दुसऱ्याने पोत पाहिला, आणि तिसऱ्याने वृक्षाकडे न पाहता पाहणाऱ्याकडे पाहिले.

चीड हा वृक्ष दक्षिण भारतात निसर्गतः उगवत नाही. नांदेड-लातूरच्या उन्हात तर त्याचा विचारच नको. परंतु वरील नावांनी उपस्थित केलेला प्रश्न आपल्या दाराशीच आहे. वृक्षाच्या अनेक लक्षणांपैकी नाव नेमके कोणते लक्षण निवडते, आणि ती निवड कशावर अवलंबून असते? मराठवाड्यात व त्याच्या सीमेवर आढळणाऱ्या काही फिकट सालीच्या वृक्षांच्या नावांवरून ह्या प्रश्नाचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. क्षेत्रीय शब्दसंग्रहाचे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्या विवेचनाचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, अशी अपेक्षा आहे.

२. नामाचे निमित्त

आपल्या परंपरेत हा प्रश्न जुनाच आहे. यास्काच्या निरुक्तात गार्ग्याच्या बाजूने एक आक्षेप मांडलेला आहे. सर्व नामे क्रियेवरूनच सिद्ध होत असतील, तर वाट आक्रमणाऱ्या प्रत्येक वस्तूस 'अश्व' म्हणावे लागेल, आणि टोचणाऱ्या प्रत्येक वस्तूस 'तृण' म्हणावे लागेल. व्यवहारात तसे घडत नाही. यास्काने ह्या आक्षेपास उत्तर दिले, ते लोकव्यवहाराचा दाखला देऊन. क्रिया अनेकांच्या ठिकाणी असली तरी नाव काहींनाच पडते, एवढेच त्याचे म्हणणे.

पुढील शास्त्रकारांनी हाच भेद अधिक काटेकोर शब्दांत मांडला. शब्द ज्या अर्थावरून घडला ते त्याचे व्युत्पत्तिनिमित्त, आणि ज्या धर्मामुळे तो आज एखाद्या वस्तूस लागू होतो ते त्याचे प्रवृत्तिनिमित्त. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले. परंतु चिखलात जन्मलेल्या बेडकास कोणी पंकज म्हणत नाही. असे शब्द योगरूढ होत. वृक्षनामांचा विचार करताना हा भेद पदोपदी उपयोगी पडतो. किंबहुना त्याचा विसर पडल्यामुळेच आपल्या शब्दसंग्रहांत अनेक चुका शिरतात.

३. पांढरूख

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस किनवट व माहूर ह्या तालुक्यांत पैनगंगेच्या खोऱ्यालगत कोरड्या पानगळीचे जंगल आहे. अशा जंगलातील एक लक्षवेधक वृक्ष म्हणजे कांडोळ. शास्त्रीय नाव 'स्टर्क्युलिया युरेन्स'. ह्यास मराठीत 'पांढरूख' असेही म्हणतात. हिवाळ्यात ह्याची पाने गळतात आणि उन्हाळ्यापर्यंत तो निष्पर्णच असतो. त्या काळात त्याचे पांढुरके, किंचित हिरवट छटेचे गुळगुळीत खोड व फांद्या दुरूनही नजरेत भरतात. सालीचा वरचा थर कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटत राहतो, म्हणून खोड नेहमी नुकतेच सोलल्यासारखे दिसते. चांदण्या रात्री ते चमकते, आणि म्हणून इंग्रजीत ह्यास 'भुताचा वृक्ष' अशा अर्थाचे नाव आहे.

'पांढरूख' ह्या शब्दाची घडण सरळ आहे. पहिले पद 'पांढर-', हे संस्कृत 'पाण्डर' ह्यापासून आले; दुसरे पद 'रूख', हे संस्कृत 'वृक्ष', प्राकृत 'रुक्ख' ह्यापासून. दोन पदे एकत्र आली असता 'पांढर-रूख' असे रूप व्हावयास हवे होते. परंतु दोन रकार लागोपाठ आल्यामुळे त्यांतील एकाचा लोप झाला. उच्चारात सारखे वर्ण जवळ आले असता एक गळून पडण्याच्या ह्या प्रक्रियेस समाक्षरलोप म्हणतात. ह्या शब्दाचे विशेष महत्त्व असे की, 'रूख' हा शब्द आजच्या प्रमाण मराठीच्या दैनंदिन वापरातून जवळजवळ उठून गेला आहे. त्याची जागा 'झाड' ह्या शब्दाने घेतली. जुन्या मराठी वाङ्मयात मात्र तो सर्रास आढळतो. म्हणजे 'पांढरूख' म्हणणारा माणूस नकळत भाषेचा एक जुना थर जतन करीत असतो.

चिनी 'बाइ-फी-सुंग' आणि मराठी 'पांढरूख' ही दोन नावे एकाच दृष्टीची अपत्ये आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र एक फरक आहे. चिनी नावात साल हा अवयव स्पष्टपणे उच्चारलेला आहे. मराठी नावात तो गृहीत धरला आहे. 'पांढरा वृक्ष' म्हटल्यावर फूल पांढरे, पान पांढरे, की साल पांढरी, हे शब्द सांगत नाही. ते वृक्ष पाहिलेल्या माणसालाच ठाऊक असते. येथे 'पांढरेपणा' हे व्युत्पत्तिनिमित्त झाले; प्रवृत्तिनिमित्त म्हणजे त्या विशिष्ट जातीचे वृक्षत्व. पांढऱ्या सालीचा प्रत्येक वृक्ष पांढरूख नव्हे, हे जंगलात वावरणाऱ्यास सांगावे लागत नाही. शहरातून आलेल्या संग्राहकास मात्र ते आवर्जून सांगावे लागते.

ह्याच वृक्षाच्या खोडास खाच पाडली असता विपुल डिंक स्रवतो. व्यापारात तो 'कराया' डिंक म्हणून प्रसिद्ध असून खाद्यपदार्थांत व औषधांत वापरला जातो. डिंक गोळा करणाऱ्याच्या दृष्टीने हा डिंकाचा वृक्ष होय. त्याचा पांढरेपणा ही त्याच्या लेखी ओळखीची खूण, मोल नव्हे. शास्त्रीय नावातील 'युरेन्स' म्हणजे दाह करणारा. हे विशेषण फळांवरील खुपणाऱ्या केसांमुळे पडले आहे. पाहणारा सालीवर थांबला, डिंक काढणारा खोडाच्या आत गेला, आणि वनस्पतिशास्त्रज्ञाचा हात फळाला लागला. प्रत्येकाने आपापल्या अनुभवाप्रमाणे नाव दिले.

४. अर्जुन व भूर्ज

रंगावरून पडलेले नाव पुढे रंगापासून कसे तुटते, ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'अर्जुन'. नदीनाल्यांच्या काठी वाढणारा, करड्या-पांढुरक्या गुळगुळीत सालीचा हा मोठा वृक्ष सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्याही सालीचे पातळ तुकडे सुटून पडतात. 'अर्जुन' ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पांढरा, तेजस्वी असा आहे. ऋग्वेदात 'कृष्ण' ह्याच्या उलट अर्थाने तो योजलेला आहे. चांदीचा वाचक लॅटिन 'अर्जेंटम' व ग्रीक 'आर्गुरोस' हे त्याचे सगोत्र शब्द होत. वृक्षाचे नाव ह्या वर्णवाचक शब्दावरून पडले.

आज मराठी बोलणाऱ्यास ह्या शब्दाचा वर्णार्थ जाणवत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पांडुपुत्र उभा राहतो आणि वृक्षाचे नाव त्याच्यावरून पडले असावे असे त्यास वाटते. वस्तुतः वीराचे नाव आणि वृक्षाचे नाव ही एकाच वर्णवाचक शब्दाची दोन स्वतंत्र अपत्ये आहेत. विराटपर्वात अर्जुन उत्तरास आपल्या दहा नावांची कारणे सांगतो. तेथे 'अर्जुन' ह्या नावाच्या स्पष्टीकरणात वर्ण व शुद्ध कर्म ह्यांचाच उल्लेख येतो, वृक्षाचा नाही. अमरकोशात ह्या वृक्षास 'नदीसर्ज', 'वीरतरु', 'इंद्रद्रु', 'ककुभ' अशी अन्य नावेही दिली आहेत. त्यांपैकी 'नदीसर्ज' ह्या नावाने साल सोडून वृक्षाचे वसतिस्थान टिपले आहे. गोदावरी व मांजरा ह्या नद्यांच्या खोऱ्यांत राहणाऱ्यांस ह्या नावाची समर्पकता वेगळी सांगावयास नको.

'भूर्ज' ह्या शब्दाची कथा ह्याच्याशी समांतर आहे. हिमालयातील ह्या वृक्षाची साल पांढरट असून तिचे रुंद पापुद्रे निघतात. त्यांवर लिहिलेले ग्रंथ आजही उपलब्ध आहेत. प्रसिद्ध बख्शाली हस्तलिखित हे त्यांपैकीच एक. इंग्रजी 'बर्च', रशियन 'बिर्योझा' व लिथुएनियन 'बेर्झास' हे ह्याच मूळ शब्दाचे वंशज असून, त्या मूळ धातूचा अर्थ चमकणे, शुभ्र असणे असा मानतात. महाराष्ट्रात हा वृक्ष नाही, तरी 'भूर्जपत्र' हा शब्द आहे. वृक्ष आला नाही, पण त्याची साल आणि सालीबरोबर तिचे नाव आले.

५. हिवर आणि त्याचे शेजारी

लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र फारच थोडे आहे. तेथील माळरानावर आणि बांधांवर बाभळीच्या बरोबरीने हिवर दिसतो. ह्याची साल, विशेषतः कोवळ्या वयात, फिकट पिवळसर-पांढरी असते. काळसर, भेगाळलेल्या सालीच्या बाभळीशेजारी तो सहज ओळखू येतो. ह्याचे शास्त्रीय नाव पूर्वी 'अकेशिया ल्युकोफ्लिया' असे होते. आता ह्याची गणना 'व्हॅचेलिया' ह्या प्रजातीत करतात. नावाचा उत्तरभाग कायम असून त्याचा ग्रीक अर्थ 'पांढऱ्या सालीचा' असाच आहे.

मराठी नावात मात्र पांढरेपणा नाही. 'हिवर' हा शब्द आजच्या बोलणाऱ्यास अपारदर्शक आहे. त्याचे घटक पाडून अर्थ लावता येत नाही. आता सीमेपलीकडे पाहू. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या भागांना लागून तेलुगू प्रदेश आहे. तेलुगूत हिवरास 'तेल्ल तुम्म' म्हणजे पांढरी बाभूळ, आणि बाभळीस 'नल्ल तुम्म' म्हणजे काळी बाभूळ म्हणतात. उदगीर, निलंगा ह्या बाजूंनी कन्नड प्रदेश जवळ आहे. कन्नडमध्ये तीच जोडी 'बिळिजाली' व 'करिजाली' अशी आहे. तमिळमध्येही 'वेळ्वेलम्' व 'करुवेलम्' अशी पांढऱ्या-काळ्याची जोडी आढळते.

म्हणजे द्राविड शेजाऱ्यांनी हे दोन वृक्ष एका कुळात घालून त्यांना रंगाने वेगळे केले. मराठीने त्यांना दोन स्वतंत्र नावे दिली. वर्गीकरणाची पद्धतच भिन्न आहे. एका पद्धतीत सामान्यनाम व भेदक विशेषण अशी रचना आहे, आणि शास्त्रीय द्विनाम पद्धतीशी तिचे बाह्य साम्य लक्षणीय आहे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक वृक्ष स्वतःच्या नावाने उभा आहे.

येथे एक अनुमान सुचवावेसे वाटते. 'ल्युकोफ्लिया' हे विशेषण प्रथम योजणारा विल्यम रॉक्सबर्ग अठराव्या शतकाच्या अखेरीस आंध्र किनाऱ्यावरील सामलकोट येथे दीर्घकाळ राहून तेथील वनस्पतींचा अभ्यास करीत होता, आणि वनस्पतींची तेलुगू नावे तो टिपून ठेवीत असे. त्यामुळे ह्या शास्त्रीय नावामागे तेलुगू 'तेल्ल'ची प्रेरणा असणे अगदी संभवनीय आहे. तसे असेल, तर गावकऱ्याच्या नावाचाच ग्रीक अनुवाद होऊन तो शास्त्रात गेला असे म्हणावे लागेल. मात्र तेलुगू नाव 'पांढरी तुम्म' एवढेच म्हणते. 'साल' हा अवयव शास्त्रज्ञाने पुरवला.

ह्याच हिवरास इंग्रजीत 'दारू गाळणाऱ्यांची बाभूळ' अशा अर्थाचेही नाव आहे, कारण त्याची साल मद्यनिर्मितीत वापरीत असत. येथेही साल आहे, परंतु दृष्टी वेगळी आहे. सालीचा रंग पाहणारा एक, आणि सालीचा उपयोग करणारा दुसरा.

मराठीत 'हिवर' वृक्षावरून ग्रामनामे पडली आहेत. हिवरे बाजार, हिवरखेड ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. ग्रामनाम एकदा रूढ झाले की ते वृक्षाच्या अस्तित्वावर अवलंबून राहत नाही. हिवर तोडले गेले तरी हिवरे राहते. पण मग त्या गावातील मुलास आपल्या गावाच्या नावाचा अर्थ विचारावा लागतो.

६. ध्वनिसाम्याचा चकवा

ज्या 'साल' शब्दाभोवती हे विवेचन फिरत आहे, त्या शब्दाचीही थोडी चौकशी केली पाहिजे. मराठी 'साल' हा शब्द प्राकृत 'छल्ली' ह्यापासून आला. प्राकृतातील छकाराचा मराठीत सकार, व तालव्य स्वरापूर्वी बहुधा शकार होतो, हा नियम ज्यूल ब्लॉक ह्यांच्या मराठीच्या घडणीवरील ग्रंथामुळे अभ्यासकांस परिचित आहे. हिंदीशी तुलना केल्यास तो तत्काळ पटतो : छाल-साल, छुरी-सुरी, छाँव-सावली, छह-सहा, पूछना-पुसणे, मछली-मासळी. ह्या ओळीत 'साल' नियमाने बसतो.

आता त्याच पानगळी जंगलातील 'सालई' हा वृक्ष घेऊ. त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते, आणि त्याच्या नावात 'साल' ही अक्षरे उघड दिसतात. सालीवरून 'सालई' असा निष्कर्ष काढण्याचा मोह कोणासही होईल. परंतु तो चुकीचा आहे. 'सालई' हा शब्द संस्कृत 'शल्लकी', प्राकृत 'सल्लई' ह्यापासून आला असून त्याचा 'छल्ली'शी काहीही संबंध नाही. हिंदीने येथे निर्णायक पुरावा पुरविला आहे. हिंदीत सालीस 'छाल' म्हणतात, पण ह्या वृक्षास 'सलई' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच मुळाचे असते, तर हिंदीत वृक्षनामाच्या आरंभीही छकार दिसावयास हवा होता. त्याचप्रमाणे वर्षवाचक 'साल' हा फारसी शब्द आहे, आणि वृक्षवाचक 'साल' हा संस्कृत 'शाल' आहे. चार मुळे मराठीत जवळजवळ एका उच्चारावर येऊन ठेपली. वस्तूचे साम्य आणि ध्वनीचे साम्य ही दोन्ही एकत्र आली म्हणजे लोकव्युत्पत्ती सर्वांत अधिक विश्वसनीय वाटते. अभ्यासकाने नेमके तेव्हाच सावध असावे.

७. अन्य निमित्ते

सालीचे वैशिष्ट्य डोळ्यांत भरण्याजोगे असूनही नाव तिच्यावरून पडत नाही, अशीही उदाहरणे आहेत. बीजिंगच्या वृक्षाचा निकटचा आप्त हिमालयात किन्नौरच्या कोरड्या दऱ्यांत आढळतो. त्याचीही साल खपल्यांनी गळते व चित्रविचित्र दिसते. परंतु त्याचे बी खाण्यास योग्य असल्यामुळे फारसीतून आलेले 'चिलगोजा' हे बियांचे नावच त्याची ओळख झाले. आपल्या बाजारांतील सुक्या मेव्याच्या दुकानांत हे नाव मिळते. साल मिळत नाही.

सामाजिक वनीकरणातून मराठवाड्यातही सर्वत्र पसरलेल्या युकॅलिप्टसची सोललेली पांढरी साल पांढरूखाची आठवण करून देणारी आहे. तरीही त्याचे नाव 'निलगिरी' असे पडले. ऑस्ट्रेलियातून आलेला हा वृक्ष ज्या डोंगरांत प्रथम मोठ्या प्रमाणावर रुजला, त्या डोंगरांचे नाव त्यास चिकटले. फारसीत 'सर्व' हे सायप्रस वृक्षाचे नाव. त्यापासून आलेला 'सुरू' हा शब्द मराठीत कोकण किनाऱ्यावरील कॅश्युरिना ह्या वृक्षास लागू झाला. सूचिपर्णी वृक्षांच्या वर्गाशी कॅश्युरिनाचे काहीही नाते नाही. केवळ आकृतीच्या साम्यावर नाव एका वृक्षावरून दुसऱ्यावर गेले.

तेव्हा वृक्षनामाचे निमित्त रंग, उत्पन्न, वसतिस्थान, आगमनाचे ठिकाण, व्यक्ती अथवा अन्य वृक्षाशी साम्य ह्यांपैकी काहीही असू शकते. साधारणपणे असे दिसते की, दुरून वृक्ष ओळखण्याची गरज असणाऱ्याने रंग निवडला, जवळ जाऊन काही मिळविणाऱ्याने उत्पन्न निवडले, आणि वृक्ष ज्यास परका होता त्याने तो कोठून आला हे लक्षात ठेवले.

८. उपसंहार

समजा, एका विद्यार्थ्याने किनवट तालुक्यात शब्द गोळा करताना 'पांढरूख' हा शब्द टिपला आणि त्यापुढे 'एक प्रकारचे झाड' असा अर्थ लिहिला. हा अर्थ चूक नाही. परंतु निरुपयोगी आहे. पुढील अभ्यासकास तो कांडोळ होता की फिकट सालीचा दुसरा एखादा वृक्ष, हे कधीच कळणार नाही. शब्द वाचला आणि अर्थ गेला, अशी ही स्थिती होय. म्हणून शब्दाबरोबर सालीचा तुकडा, पान, आणि मिळाल्यास फूल व फळ घ्यावे, ऋतू नोंदवावा, आणि वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख पटवून घ्यावी. व्ही. एन. नाईक ह्यांचे 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' (१९७९) व 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) हे ग्रंथ ह्या कामी आधारभूत आहेत. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला असल्यामुळे पहिल्या ग्रंथाच्या कक्षेत तोही येतो, हे ध्यानात असावे.

निवेदकास केवळ 'ह्यास काय म्हणता' एवढेच विचारून थांबू नये. 'असेच दिसणारे, पण ज्यास हे नाव चालत नाही, असे झाड कोणते' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो, कारण त्यातून शब्दाची सीमा कळते. नावाचे कारण निवेदकाने सांगितल्यास ते जसेच्या तसे टिपावे. मात्र ती त्याची धारणा म्हणून टिपावी, व्युत्पत्ती म्हणून नव्हे. किनवट-माहूर परिसरात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, कोलामी व बंजारा ह्या भाषा बोलल्या जातात. एकाच खोडासमोर उभे राहून ह्या सर्वांतील नावे विचारता येतात. अशी संधी ग्रंथालयात मिळत नाही.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. डिंकासाठी वारंवार व खोल खाचा पाडल्यामुळे भारतात अनेक ठिकाणी कांडोळाची संख्या घटली आहे. ज्या बोलींत त्याची नावे आहेत त्यांतील काहींचे भाषिकही कमी होत आहेत. वृक्ष गेला तर नावाचे प्रवृत्तिनिमित्त जाते. बोली गेली तर व्युत्पत्तिनिमित्त जाते. दोन्ही गेल्यावर उरतो तो कोशातील एक शब्द आणि त्यापुढील 'वृक्षविशेष' हे दोन पदांचे स्पष्टीकरण. बीजिंगच्या मंदिरांत कोणी एके काळी लावलेल्या वृक्षाची साल पुढील पिढ्यांना पाहावयास मिळाली, कारण लावणाऱ्याने स्वतःच्या आयुष्यापलीकडचा विचार केला. शब्दांच्या बाबतीत तेवढी दूरदृष्टी आपण दाखवावी, इतकेच ह्या लेखाचे मागणे आहे.